घटक ६ : वस्तुपरीक्षण आणि चाहत्यांचा प्रतिवाद

६.१ उद्दिष्टे

या घटकाचे अध्ययन केल्यानंतर आपणांस
• वस्तुपरीक्षणाची प्रमुख अंगे सांगता येतील.
• प्रतिकूल परीक्षणावर चाहत्यांकडून येणाऱ्या प्रतिक्रियांचे वर्गीकरण करता येईल.
• न्यूटन आणि सिम्प्युटर या हातसंगणकांच्या उदाहरणांवरून योग्य व अयोग्य प्रतिवाद यांतील भेद स्पष्ट करता येईल.
• नियतकालिकास पाठवावयाचे प्रतिवादपत्र लिहिता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण ग्रंथपरीक्षणाचा विचार केला. मराठीत ही परंपरा जुनी आहे. १८६७ मध्ये सुरू झालेल्या ‘विविधज्ञानविस्तार’ या मासिकाने ग्रंथपरीक्षणाला मोठी जागा दिली. १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली आणि टीकालेखनाला धारदार भाषा मिळाली. टीका आली की तिचा प्रतिवादही येतो, याचा अनुभव मराठी वाचकाला तेव्हापासूनच आहे.

पुढे नाटक आणि चित्रपट यांची परीक्षणे रूढ झाली. गेल्या काही दशकांत मोटारी, कॅमेरे, संगणक, भ्रमणध्वनी अशा वस्तूंची परीक्षणेही वृत्तपत्रांत व मासिकांत नियमित येऊ लागली. या लेखनाकडे साहित्याच्या अभ्यासकाने दुर्लक्ष करू नये. वस्तूचे परीक्षण हेही मूल्यमापनच असते, आणि त्यावर चिडून लिहिलेले वाचकाचे पत्र हाही युक्तिवादाचाच एक नमुना असतो. मोजक्या लोकांच्या हाती असलेल्या, परंतु त्या लोकांना फार प्रिय असलेल्या वस्तूवर टीका झाली म्हणजे हा युक्तिवाद विशेष तीव्र होतो. हातसंगणक ही अशीच एक वस्तू आहे.

६.३ विषय-विवेचन

६.३.१ परीक्षणाची चार अंगे

कोणत्याही परीक्षणात चार गोष्टी असतात : वस्तूचे वर्णन, मूल्यमापनाचे निकष, निकषांच्या आधारे गोळा केलेला पुरावा आणि अखेरचा निर्णय. यांपैकी वर्णन, पुरावा आणि निर्णय हे बहुधा उघड असतात. निकष मात्र अनेकदा अध्याहृत राहतात. ‘हा संगणक महाग आहे’ असे परीक्षक लिहितो, तेव्हा ‘कोणासाठी महाग?’ आणि ‘कशाच्या तुलनेत महाग?’ हे प्रश्न अनुत्तरित राहू शकतात. चांगला प्रतिवाद बहुधा याच ठिकाणी सुरू होतो.

६.३.२ पहिले उदाहरण : न्यूटन

अ‍ॅपल कंपनीने २ ऑगस्ट १९९३ रोजी बॉस्टन येथे ‘न्यूटन मेसेजपॅड’ हा हातसंगणक विक्रीस आणला. त्याची किंमत सुमारे ७०० डॉलर होती. कळफलकाऐवजी लेखणीने पडद्यावर लिहावे आणि यंत्राने ते हस्ताक्षर वाचावे, हे त्याचे मुख्य आकर्षण होते. नेमके तेच फसले. यंत्र लिहिलेल्या शब्दांऐवजी भलतेच शब्द दाखवी. त्याच महिन्यात गॅरी ट्रूडो यांच्या ‘डून्सबरी’ या लोकप्रिय चित्रमालिकेने या दोषाची खिल्ली उडवली. ती थट्टा इतकी गाजली, की पुढे न्यूटनची आठवण तिच्याशीच जोडली गेली.

न्यूटन वापरणाऱ्यांनी यावर जे म्हणणे मांडले, त्यात तथ्य होते. हे यंत्र वापरणाऱ्याच्या हस्ताक्षराशी हळूहळू परिचित होत असे. म्हणून एक-दोन दिवसांच्या चाचणीवरून दिलेला निर्णय अपुरा ठरतो, असा त्यांचा आक्षेप होता. हा आक्षेप परीक्षकाच्या पुराव्याला लागू पडतो, त्याच्या हेतूला नव्हे. तथापि दुसरी बाजूही विचारात घ्यावी लागते. सातशे डॉलर मोजणाऱ्या ग्राहकाने यंत्र शहाणे होईपर्यंत का थांबावे, हा परीक्षकांचा प्रश्नही तितकाच रास्त होता. पुढील आवृत्त्यांत हस्ताक्षरवाचन बरेच सुधारले. याचा अर्थ असा, की मूळ टीका पहिल्या आवृत्तीपुरती खरी होती. ती नंतरच्या आवृत्त्यांनाही चिकटून राहिली, हे मात्र अन्यायाचे होते. थट्टा लक्षात राहते, दुरुस्ती राहत नाही.

२७ फेब्रुवारी १९९८ रोजी अ‍ॅपलने न्यूटन बंद केला. त्यानंतर काही चाहत्यांनी कंपनीच्या मुख्यालयासमोर निदर्शने केली, आणि अनेकांनी पुढे कित्येक वर्षे आपली जुनी यंत्रे दुरुस्त करून वापरली. अल्बर्ट म्यून्यिझ आणि होप शाऊ या अभ्यासकांनी २००५ मध्ये या समुदायावर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. या चाहत्यांच्या कथनांत छळ, निष्ठा, चमत्कार आणि पुनरागमन असे धार्मिक कथांतील आशय आढळतात, असे त्यांनी दाखवले. प्रतिवादाच्या अभ्यासकाला हे निरीक्षण मोलाचे आहे. वस्तूवरील टीका ही श्रद्धेवरील आघात वाटू लागली, की युक्तिवादाची जागा निष्ठेची ग्वाही घेते.

६.३.३ दुसरे उदाहरण : सिम्प्युटर

आता आपल्या देशातील उदाहरण पाहू. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील चार प्राध्यापक आणि एन्कोअर सॉफ्टवेअर या कंपनीतील तंत्रज्ञ यांनी एकत्र येऊन १९९९ मध्ये सिम्प्युटर न्यास स्थापन केला. साधा, स्वस्त आणि बहुभाषिक असा लोकांचा संगणक घडवणे हा त्यांचा उद्देश होता. २००१ मध्ये त्याचे प्रारूप जाहीर झाले. त्यात लिनक्स ही मुक्त प्रणाली होती. मजकूर भारतीय भाषांत मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय योजलेली होती, कारण निरक्षर माणसालाही तो वापरता यावा अशी कल्पना होती. एक यंत्र अनेकांनी वापरावे, यासाठी स्मार्ट कार्डाची योजना होती. प्रत्येकाने आपली माहिती आपल्या कार्डात ठेवावी आणि यंत्र गावाचे असावे, असा तिचा अर्थ.

आरंभी या यंत्राचे कौतुकच झाले. २००१ च्या अखेरीस अमेरिकन लेखक ब्रूस स्टर्लिंग यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्या वर्षातील संगणकक्षेत्रातील सर्वांत महत्त्वाचे नवे पाऊल म्हणून सिम्प्युटरचा गौरव केला. प्रत्यक्ष विक्रीस येण्यास मात्र उशीर झाला. पिकोपेटा आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स यांनी मार्च २००४ मध्ये ‘अमिडा सिम्प्युटर’ बाजारात आणला. त्याच्या निरनिराळ्या नमुन्यांच्या किमती साधारण दहा हजारांपासून वीस हजार रुपयांपर्यंत होत्या. यंत्र हातात कलते केले असता पान उलटावे, अशी त्या काळी नवलाची वाटणारी सोय त्यात होती. तरी पहिल्या वर्षभरात सुमारे चार हजारच यंत्रे विकली गेली.

टीकाकारांचे मुख्य आक्षेप तीन होते. पहिला असा, की दहा हजार रुपये ही गरिबाच्या आवाक्यातील किंमत नव्हे. दुसरा असा, की तेवढ्याच पैशांत थोडी भर घातली तर मेजावरचा संगणक मिळतो. तिसरा असा, की भ्रमणध्वनी स्वस्त होत असताना अशा स्वतंत्र यंत्राची गरज उरत नाही. २००३ पासून भारतात भ्रमणध्वनीवर येणारे कॉल मोफत झाले होते. त्यामुळे तिसरा आक्षेप दिवसेंदिवस बळकट होत गेला.

समर्थकांची उत्तरेही विचार करण्याजोगी होती. किंमत एका माणसाची नसून पन्नास माणसांच्या सामायिक वापराची धरावी, हे पहिल्या आक्षेपाचे उत्तर. ज्या गावात वीज टिकत नाही तेथे मेजावरचा संगणक निरुपयोगी, हे दुसऱ्याचे उत्तर. ही दोन्ही उत्तरे परीक्षकाचा निकषच बदलू पाहतात. तिसऱ्या आक्षेपाला मात्र समाधानकारक उत्तर देता आले नाही. सामान्य माणसाने सामायिक यंत्रापेक्षा स्वतःचा फोन पसंत केला.

६.३.४ प्रतिवादाचे चार प्रकार

वरील दोन्ही उदाहरणांवरून चाहत्यांच्या प्रतिक्रियांचे चार प्रकार पाडता येतात.

(अ) पुराव्याचा प्रतिवाद : परीक्षकाची माहिती चुकीची वा अपुरी आहे, हे दाखवणे. ‘परीक्षकाने जुनी आवृत्ती तपासली आहे’ हे अशा प्रतिवादाचे वाक्य.

(आ) निकषाचा प्रतिवाद : माहिती बरोबर असली तरी फूटपट्टी चुकीची आहे, हे दाखवणे. बैलगाडीचे परीक्षण वेगाच्या निकषावर केले तर निर्णय आधीच ठरलेला असतो.

(इ) हेतूचा आरोप : परीक्षक विकला गेला आहे, त्याला या वस्तूचा द्वेष आहे, असे म्हणणे. ‘नावडतीचे मीठ अळणी’ ही म्हण येथे वारंवार वापरली जाते. आरोप सिद्ध झाला तर तो महत्त्वाचा असतो. पण तो बहुधा सिद्ध केला जात नाही. शिवाय परीक्षकाचा हेतू वाईट असला, तरी त्याने दाखवलेला दोष खरा असू शकतो.

(ई) निष्ठेची ग्वाही : ‘मी पाच वर्षे हे यंत्र वापरतो आहे आणि मी समाधानी आहे’ एवढेच सांगणे. ही साक्ष खरी असते, परंतु तिच्यावरून दुसऱ्याने काय करावे हे ठरत नाही.

यांपैकी पहिले दोन प्रकार चर्चा पुढे नेतात. शेवटचे दोन चर्चा थांबवतात. याचा अर्थ चाहत्याची आपुलकी त्याज्य आहे असा नाही. दीर्घ वापरातून त्याला जे बारकावे कळलेले असतात, ते परीक्षकाला आठवड्याच्या चाचणीत कळत नाहीत. ही आपुलकी पुराव्याच्या रूपात मांडली, तर तिला वजन येते.

६.३.५ वादातील अनुपस्थित पक्ष

सिम्प्युटरच्या वादात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. टीका करणारे आणि बाजू घेणारे हे दोघेही बहुतांशी शहरातले, इंग्रजी वाचणारे व संगणक जाणणारे होते. ज्याच्यासाठी यंत्र बनवले, तो शेतकरी या वादात कोठेच नव्हता. त्याच्या नावाने दोन्ही पक्ष बोलत होते. परीक्षकावर ‘उंटावरून शेळ्या हाकण्याचा’ आरोप करणारा चाहताही त्याच उंटावर बसलेला होता.

हा मुद्दा समजण्यासाठी पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याकडे पाहावे. तालुक्याच्या पूर्वेला हिंजवडी आहे. तेथील माहिती-तंत्रज्ञान उद्यानात हजारो अभियंते काम करतात. तालुक्याचे ठिकाण पौड. त्याच्या पश्चिमेला मुळशी धरण आणि ताम्हिणी घाटाकडची अतिपावसाची, भातशेतीची गावे आहेत. एकाच तालुक्यातील या दोन टोकांना एकच हातसंगणक दिला, तर त्याची दोन वेगळी परीक्षणे लिहिली जातील. हिंजवडीतील अभियंता प्रक्रियकाचा वेग आणि स्मृतीची क्षमता पाहील. पश्चिमेकडील शेतकरी विचारील : सातबारा यात वाचता येईल का? ओल्या हाताने चालेल का? बिघडले तर कोण दुरुस्त करील? यांपैकी कोणतेही परीक्षण खोटे नाही. परंतु जे यंत्र दुसऱ्यासाठी बनवले, त्याचा निर्णय फक्त पहिल्याने दिला तर तो अपुरा राहतो.

‘हे कोणासाठी?’ हा प्रश्न मुळशीला नवा नाही. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये येथील मावळ्यांनी सत्याग्रह केला आणि सेनापती बापट त्याचे नेते झाले. वीज मुंबईसाठी आणि जमीन मुळशीची, हा त्या लढ्याचा गाभा होता. धरण आणि हातसंगणक यांची बरोबरी येथे अभिप्रेत नाही. एकाने गावे पाण्याखाली नेली, दुसरा दुकानाच्या फळीवर पडून राहिला. पण उपयुक्ततेचा निर्णय ज्याच्यावर परिणाम होतो त्याला विचारल्यावाचून घेऊ नये, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच लागू पडते.

६.३.६ प्रतिवादपत्राचे लेखन

प्रतिवादपत्र लिहिताना पुढील क्रम पाळावा. प्रथम परीक्षणाचा अंक व शीर्षक नमूद करावे. नंतर परीक्षकाचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत थोडक्यात सांगावे. त्याचा जो आक्षेप खरा असेल, तो मोकळेपणाने मान्य करावा. त्यानंतर आपला एकच मुख्य मुद्दा पुराव्यासह मांडावा. दोन उतारे पाहा.

उतारा १ : “आपल्या परीक्षकाला या यंत्रातले काही कळत नाही. ज्यांना कळते ते ते वापरतच आहेत. असली परीक्षणे छापून आपण मासिकाची प्रतिष्ठा घालवत आहात.”

उतारा २ : “पडदा उन्हात नीट दिसत नाही, हे परीक्षकांचे म्हणणे खरे आहे. तथापि देवनागरी लेखनाची चाचणी त्यांनी घेतलेली दिसत नाही. गेले वर्षभर मी बचतगटाचा हिशेब या यंत्रावर मराठीत ठेवत आहे. जोडाक्षरे लिहिताना मला अडचण येत नाही. मराठी वाचकाच्या दृष्टीने ही बाब परीक्षणात यावयास हवी होती.”

पहिल्या उताऱ्यात राग आहे, पण वाचकाच्या हाती नवीन काही येत नाही. दुसऱ्यात एक कबुली, एक उणीव आणि एक अनुभव आहे. संपादक दुसरे पत्र छापील. परीक्षकालाही त्याचे उत्तर द्यावेसे वाटेल.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न
१. परीक्षणाच्या चार अंगांपैकी बहुधा अध्याहृत राहणारे अंग कोणते?
२. ‘परीक्षकाने जाहिरातदारांच्या दबावाखाली लिहिले आहे’ हे विधान प्रतिवादाच्या कोणत्या प्रकारात मोडते?
३. सिम्प्युटरच्या समर्थकांनी किमतीच्या आक्षेपाला कोणत्या प्रकारचे उत्तर दिले?

६.४ सारांश

वस्तुपरीक्षणात वर्णन, निकष, पुरावा आणि निर्णय ही चार अंगे असतात. न्यूटनच्या उदाहरणात खरी टीका कालबाह्य झाल्यावरही टिकून राहिली, आणि चाहत्यांची आपुलकी श्रद्धेच्या वळणावर गेली. सिम्प्युटरच्या उदाहरणात समर्थकांनी निकष बदलण्याचा योग्य प्रयत्न केला, परंतु भ्रमणध्वनीच्या आक्षेपाला त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. पुराव्याचा व निकषाचा प्रतिवाद चर्चेला उपकारक ठरतो. हेतूचा आरोप व केवळ निष्ठा यांनी ती खुंटते. ज्याच्यासाठी वस्तू निर्माण झाली त्याचा अनुभव समाविष्ट झाल्याशिवाय परीक्षण आणि प्रतिवाद दोन्ही अपूर्ण राहतात.

६.५ पारिभाषिक संज्ञा

निकष : मूल्यमापनासाठी स्वीकारलेली कसोटी.
अध्याहृत : उघड न सांगता गृहीत धरलेले.
प्रतिवाद : एखाद्या मताचे कारणे देऊन केलेले खंडन.
प्रारूप : वस्तूचा प्राथमिक, चाचणीसाठी केलेला नमुना.

६.६ स्वयंअध्ययन-प्रश्नांची उत्तरे

१. निकष. २. हेतूचा आरोप. ३. निकषाचा प्रतिवाद : किंमत व्यक्तिगत नव्हे, तर सामायिक वापराच्या आधारे मोजावी असे त्यांचे म्हणणे होते.

६.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील वा परिसरातील दोन व्यक्ती निवडा. एक शेतीवर वा छोट्या व्यवसायावर उपजीविका करणारी आणि दुसरी कार्यालयात संगणकावर काम करणारी असावी. दोघांनाही त्यांच्या भ्रमणध्वनीतील एक गुण आणि एक दोष विचारा. त्यांची उत्तरे त्यांच्याच शब्दांत नोंदवा, आणि प्रत्येक उत्तरामागील निकष ओळखून सुमारे ३०० शब्दांत टिपण लिहा.