कवचाचे कवच

लोखंड पाण्याने गंजते. भट्टीत भाजलेले कौल मात्र वर्षानुवर्षे पावसात भिजूनही गंजत नाही. म्हणून सिरॅमिक पदार्थांना गंजण्याचे भय नसते, असा सर्वसाधारण समज आहे. सुमारे 1200 अंश सेल्सिअस तापमानात मात्र तो टिकत नाही.

टर्बाइनमधील अतितप्त भागांसाठी सिलिकॉन कार्बाइडचे संमिश्र वापरतात. मातीच्या भिंतीत काड मिसळल्यास भेग सहसा पसरत नाही; त्याचप्रमाणे या ठिसूळ पदार्थात त्याचेच बारीक तंतू गुंफलेले असतात. निकेलच्या मिश्रधातूंहून हे संमिश्र पुष्कळ हलके असते आणि अधिक उष्णता सोसते.

तप्त हवेत या संमिश्रावर सिलिकाचा पातळ थर तयार होतो. कोरड्या हवेत हा थर कवचाप्रमाणे ऑक्सिजनला अडवतो. परंतु इंधन जळताना पाण्याची वाफही निर्माण होते. ती सिलिकाशी संयोग पावून वायुरूप सिलिकॉन हायड्रॉक्साइड बनवते आणि वायूंचा वेगवान झोत ते वाहून नेतो. पुन्हा सिलिका तयार होते, पुन्हा तिचा वायू होतो आणि संमिश्र झिजत जाते.

यावर उपाय म्हणजे वाफरोधक लेप. तापल्यावर हा लेप संमिश्राइतकाच प्रसरण पावला पाहिजे. अन्यथा तो तडकतो आणि वाफेला वाट मिळते. म्हणून संमिश्रावर प्रथम सिलिकॉनचा जोडथर आणि त्यावर वाफेला दाद न देणारे थर देतात. बाहेरील थरासाठी यिटर्बियमसारख्या मूलद्रव्यांची सिलिकेटे उपयुक्त ठरली आहेत.

अमेरिकेत 1990 च्या दशकात औद्योगिक टर्बाइनमध्ये या संमिश्राच्या ज्वलनकक्षाची चाचणी सुरू झाली. लेप नसलेले अस्तर सुमारे 5 हजार तासांत झिजले. पुढे लेप दिलेले अस्तर 13 हजार तासांहून अधिक काळ चालले. 2016 साली ‘लीप’ विमान इंजिन प्रवासी सेवेत आले; त्यातील टर्बाइनच्या पात्यांभोवतीचे कडे याच संमिश्राचे आहे.

तथापि, जोडथरातील सिलिकॉन सुमारे 1414 अंशांना वितळते. त्यामुळे संपूर्ण रचनेची मर्यादा तिचा सर्वांत दुबळा थर ठरवतो. ती मर्यादा ओलांडणे, हेच आजच्या संशोधनापुढील आव्हान आहे.

शब्दार्थ
संमिश्र – दोन वा अधिक घटक एकत्र करून बनवलेला पदार्थ
प्रसरण पावणे – आकाराने वाढणे
दाद न देणे – परिणाम होऊ न देणे

पाठगत प्रश्न
1. सिलिकाचा थर वाफेपुढे का टिकत नाही?
2. लेप आणि संमिश्र यांचे प्रसरण सारखे का असावे लागते?
3. ‘कवचाचे कवच’ या शीर्षकाची समर्पकता स्पष्ट करा.