कोंबड्यांची खरेदी-विक्री आणि बर्ड फ्लूचा प्रसार



फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा देशातील पहिला उद्रेक निश्चित झाला. कोंबड्या मरू लागल्या तेव्हा ती राणीखेत म्हणजे मानमोडी समजली गेली. खरे निदान भोपाळच्या प्रयोगशाळेत झाले. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यात परसातल्या कोंबड्यांना हाच रोग झाला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातील मुरुंबा गावी तो आढळला.

या रोगाचा दोष स्थलांतरित पक्ष्यांना देण्याचा प्रघात आहे. रानबदके विषाणू आणतात हे खरे. पण एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये तो पुष्कळदा माणूसच नेतो, आणि तोही व्यवहाराच्या निमित्ताने. बाधित पक्ष्याच्या विष्ठेत व नाकातोंडाच्या स्रावात विषाणू असतो. ओलसर, थंड जागी तो कित्येक दिवस टिकतो. पिंजऱ्याचा तळ, टेम्पोची चाके, अंड्यांचे ट्रे, व्यापाऱ्याच्या चपला यांना लागलेली थोडी विष्ठाही पुरते.

हाँगकाँगमध्ये १९९७ साली १८ माणसांना या विषाणूची बाधा झाली व ६ जण दगावले. तेथे जिवंत कोंबड्यांचे बाजार हे विषाणूचे आगर ठरले. ठिकठिकाणचे पक्षी एकत्र, रोज नवा माल आणि जुना उरलेला तसाच, त्यामुळे विषाणूला खंड पडत नाही. २००१ पासून तेथे महिन्यातून एक दिवस बाजार रिकामे करून धुण्याची पद्धत सुरू झाली.

आपल्या आठवडी बाजारात काय होते? सकाळी नेलेल्या चार गावठी कोंबड्यांपैकी न खपलेल्या दोन संध्याकाळी परत येतात आणि थेट खुराड्यात सोडल्या जातात. अशा परतलेल्या व नव्याने विकत घेतलेल्या कोंबड्या दोन ते तीन आठवडे वेगळ्या कोंडाव्यात, त्यांना दाणापाणी सर्वांत शेवटी घालावे. पक्षी तरतरीत दिसतो यावर भिस्त ठेवू नये. बदके तर आजारी न दिसताही विषाणू पसरवतात.

व्यापाऱ्याचा टेम्पो शेडपर्यंत येऊ देऊ नये. वजनकाटा फाटकाजवळ मांडावा. पिंजरे आधी साबणाच्या पाण्याने घासावेत, मगच जंतुनाशक फवारावे. घाण तशीच असली तर औषध वाया जाते. पुठ्ठ्याचे ट्रे धुता येत नाहीत, ते परत घेऊ नयेत.

अचानक मरतुक वाढली, तुरे निळसर पडले, की निम्म्या भावात का होईना माल काढून टाकावा असे वाटते. डोक्यावर कर्ज असताना तसे वाटणारच. पण तो टेम्पो जाईल तेथे रोग उतरतो. शिवाय शासनाची भरपाई मिळते ती नष्ट केलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नव्हे. उशीर केला तर नुकसान तुमचेच वाढते. २००९ च्या कायद्यानुसार रोगाची शंका कळविणे हे मालकाचे कर्तव्यही आहे. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. निकाल येईपर्यंत पक्षी, अंडी, खाद्याची रिकामी पोती, काहीच बाहेर जाऊ देऊ नका. मेलेल्या कोंबड्या ओढ्यात तर मुळीच फेकू नका.

राहिले कोंबडीखत. कांद्याला, उसाला ते वापरा असे आम्ही कृषिविद्येची माणसेच सांगतो, म्हणून हेही सांगणे भाग आहे. ताजे खत उघड्या ट्रॉलीतून गावोगाव नेऊ नये. ढीग लावून, झाकून तापू द्यावा व पूर्ण कुजल्यावरच शेतात टाकावे. मरतुक झालेल्या शेडमधील खत मात्र पशुवैद्यकांनी सांगितल्याशिवाय जागचे हलवू नये.