लिंबाची फोड आणि पाचशेची गोळी

करोनाच्या साथीत 'सी' जीवनसत्त्वाच्या गोळीने आपल्या घरात बस्तान बसवलं, ते साथ ओसरली तरी उठलेलं नाही. जेवणाच्या टेबलावर मीठ-लोणच्याच्या शेजारी ती संत्र्याच्या चवीची केशरी गोळी पडलेली असते आणि कुणी शिंकलं की लगेच स्ट्रिप पुढे होते. दुसरीकडे तितकाच ठाम एक पंथ आहे, त्याच्या लेखी गोळी म्हणजे केमिकल आणि आवळा म्हणजे अमृत. मला दोघांशीही भांडायचं आहे. सुरुवात आवळेवाल्यांपासून करतो, कारण माझा ओढा त्यांच्याकडे आहे आणि आपल्या माणसांची चूक आधी दाखवलेली बरी.

गोळीतलं 'सी' आणि पेरूतलं 'सी' हा रसायनाच्या दृष्टीने एकच पदार्थ आहे, ॲस्कॉर्बिक ॲसिड. सेंट-ग्यॉर्गी या शास्त्रज्ञाने तो हंगेरीतल्या सेगेदच्या पाप्रिका मिरचीतून भरपूर प्रमाणात मिळवला. राइखश्टाइन या रसायनशास्त्रज्ञाने १९३३ मध्ये तो साखरेपासून प्रयोगशाळेत तयार करून दाखवला. आतड्याला या दोन्हींत फरक करता येत नाही. त्यामुळे 'नैसर्गिक सी' असं मोठ्या अक्षरात छापून चौपट भावाने विकली जाणारी गोळी घेण्याआधी मागचं लेबल वाचावं. आवळ्याची किंवा एखाद्या परदेशी फळाची पावडर किती आणि सरळ ॲस्कॉर्बिक ॲसिड किती, हे तिथे बारीक अक्षरात सापडतं. शिवाय नैसर्गिक म्हणजे टिकाऊ असंही नाही. ब्रिटिश आरमारातला डॉक्टर जेम्स लिंड याची गोष्ट सगळ्यांना अर्धीच माहीत असते. १७४७ मध्ये सॅलिसबरी जहाजावर त्याने स्कर्व्ही म्हणजे 'सी'च्या कमतरतेचा आजार झालेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळालेली जोडी झपाट्याने सुधारली. गोष्टीचा उरलेला अर्धा भाग असा, की फळं महिनोन्‌महिने टिकत नाहीत म्हणून याच लिंडने रस तापवून, आटवून बाटल्यांत भरायची शिफारस केली. रस अस्सल होता, पण तापवताना त्यातलं 'सी' बरंचसं उडून जायचं. पुढे ब्रिटिश आरमाराने लिंबाऐवजी वेस्ट इंडिजमधलं स्वस्त लाइम घेतलं. त्यात मुळातच 'सी' कमी, आणि साठवताना-हाताळताना उरलंसुरलंही घटायचं. १८७५ च्या ब्रिटिश ध्रुवीय मोहिमेत या रसाच्या बाटल्या सोबत असूनही माणसांना स्कर्व्ही झाला.

आपल्याकडची आवळ्याच्या रसाची बाटली, मोरावळा आणि आवळासुपारी यांच्याकडे याच नजरेने पाहायला हवं. मोरावळा चवीला उत्तम, पण पाकात शिजलेल्या आणि वर्षभर बरणीत राहिलेल्या फोडीत ताज्या आवळ्याइतकं 'सी' शोधू नये. ताज्या आवळ्याचाही आकडा आपण फुगवून सांगतो. शंभर ग्रॅमला ६०० मिलिग्रॅम हा जुन्या तक्त्यातला आकडा अजून सगळीकडे फिरतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ च्या तक्त्यांसाठी नव्याने मोजलं तेव्हा तो २५० च्या आसपास भरला. त्याच तक्त्यात पेरू २१० ते २२० वर आहे, म्हणजे आवळ्याच्या अगदी खांद्याला खांदा लावून. आणि ज्याच्या नावाने गोळीला चव आणि रंग दिला जातो ते संत्रं जेमतेम चाळीसच्या घरात. मोठ्या माणसाची रोजची गरज भारतीय शिफारशीनुसार पुरुषाला ८० आणि बाईला ६५ मिलिग्रॅम. राहात्याचा मध्यम पेरू अर्धा खाल्ला तरी ती भागून वर उरते. हिरवी मिरची, शेवग्याचा पाला, कोबी यांतूनही बऱ्यापैकी मिळतं, मात्र भाजी चिरल्यावर धुवायची आणि शिजवलेलं पाणी ओतून द्यायचं ही सवय सोडली तर.

आता गोळीकडे. तिच्यात ५०० मिलिग्रॅम असतं, म्हणजे गरजेच्या सहापटीहून जास्त. शरीर २०० मिलिग्रॅमपर्यंतचा डोस जवळजवळ पूर्ण शोषून घेतं. तो एक ग्रॅमच्या पुढे गेला की निम्म्याहूनही कमी शोषला जातो, आणि रक्तातली पातळी एका मर्यादेला पोचली की उरलेलं मूत्रावाटे बाहेर पडतं. भरल्या माठात पाणी ओतत राहण्यासारखंच ते. "जास्त घेतलं तर काय बिघडतं, कामालाच येईल" असं म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतला एक मोठा प्रयोग लक्षात घ्यावा. चौदा हजारांवर पुरुष डॉक्टरांपैकी काहींना रोज नेमकी ५०० मिलिग्रॅमची गोळी आणि इतरांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी, असं सुमारे आठ वर्षं चाललं. हृदयविकारही कमी झाला नाही, कर्करोगही नाही. उलट भरपूर फळं-भाज्या खाणाऱ्यांत हृदयविकार कमी आढळतो, हे निरीक्षण पुन्हापुन्हा येतं. म्हणजे फळांचं श्रेय आपण एकट्या 'सी'ला देऊन बसलो आहोत. पेरूसोबत चोथा येतो, पोटॅशियम येतं आणि पेरू खाल्ल्यामुळे जे फरसाण खाल्लं गेलं नाही त्याचाही फायदा येतो. यातलं काहीच गोळीत मावत नाही.

इथे कुणीतरी लायनस पाउलिंगचं नाव काढणारच. रसायनाचं आणि शांततेचं अशी दोन नोबेल मिळवलेल्या माणसाने १९७० मध्ये सर्दीवर 'सी'चं पुस्तक लिहिलं, मग आपण कोण शंका घेणार? पण नोबेल पारितोषिक हा सर्दीवरचा पुरावा नव्हे. नंतरच्या अनेक चाचण्या एकत्र मांडून पाहिल्या तेव्हा असं दिसलं की रोज गोळी घेतल्याने सर्वसामान्य माणसाच्या सर्दीच्या खेपा कमी होत नाहीत. खेपेचा काळ मोठ्यांत सुमारे आठ टक्क्यांनी घटतो, म्हणजे सात दिवसांच्या सर्दीत जेमतेम अर्धा दिवस, आणि तोही आधीपासून रोज घेत असाल तर. शिंक आल्यावर सुरू केलेल्या गोळीचा भरवशाचा उपयोग दिसत नाही. अपवाद कडाक्याचे श्रम करणाऱ्यांचा. मॅरेथॉन धावणारे आणि थंडीत सराव करणारे सैनिक यांच्यात सर्दीचं प्रमाण निम्म्यावर आलं. आपल्यापैकी बहुतेकांचे श्रम बस पकडण्यापुरतेच असतात.

माझ्या मते 'सी'चं सर्वांत मोलाचं काम सर्दीशी संबंधितच नाही, ते लोहाशी आहे. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्क्यांना रक्तक्षय आहे, हा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा आकडा. मटकी, हरभरे, पालेभाज्या यांतलं लोह शरीराला सहजी शोषता येत नाही आणि 'सी' ते शोषायला मदत करतं, पण अट अशी की दोन्ही एकाच जेवणात पोटात गेली पाहिजेत. सकाळी नऊला घेतलेली गोळी दुपारच्या उसळीच्या कामाची नाही. ताटाच्या डाव्या बाजूला लिंबाची फोड वाढणाऱ्यांना हे रसायन ठाऊक नव्हतं, पण जागा त्यांनी अचूक निवडली. पोह्यांवर लिंबू गॅस बंद केल्यावर, वाढताना पिळायचं. कढईतच पिळलं तर आंबटपणा उरतो, 'सी' घटतं. आणि पोह्यांबरोबर लगेच चहा घेतला तर लिंबाने कमावलेलं चहातली टॅनिन्स बरंच घालवतात, त्यामुळे चहा तासाभराने. यावर एक रास्त आक्षेप आहे. प्रयोगात एकेका जेवणावर दिसणारा हा फरक रोजच्या मिश्र आहारात बराच सौम्य होतो. मान्य आहे, आणि रक्तक्षय झालेल्या बाईला डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्यांऐवजी लिंबू देऊ नये. पण लिंबू पिळायला खर्च तो काय?

याहून अवघड आक्षेप वेगळाच आहे. पेरू-आवळ्यांच्या या देशात 'सी' कमी पडतंच कशाला, असं आपण गृहीत धरतो. हरियाणा आणि पुदुच्चेरीकडच्या साठी ओलांडलेल्या पाच हजारांवर माणसांचं रक्त तपासलं तेव्हा उत्तरेत सुमारे ७४ टक्के आणि दक्षिणेत ४६ टक्के जणांत कमतरता निघाली. तंबाखू खाणारे-ओढणारे, चुलीच्या धुरात राहणारे आणि कुपोषित यांत ती जास्त होती. पेरू बाजारात असणं आणि तो दात नसलेल्या, एकट्या राहणाऱ्या, चहा-बिस्किटांवर दिवस काढणाऱ्या आजोबांच्या पोटात जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अशांना, नेमानं फळ जात नसेल तर, छोट्या डोसची गोळी खुशाल द्यावी, ती चहाच्या कपाहून स्वस्त पडते. डायलिसिसवरचे रुग्ण, आतड्याचे शोषणाचे विकार असलेले आणि दोन-तीनच पदार्थ खाणारी मुलं यांनाही तिची गरज भासू शकते, डोस डॉक्टरांनी ठरवावा. हिरड्यांतून रक्त येणं आणि साध्या धक्क्याने काळं-निळं होणं अशा तक्रारी असतील तर घरच्या घरी गोळी चघळत बसू नये, तपासून घ्यावं.

ज्यांना गोळीची गरज नाही आणि तरी जे ती रोज घेतात, त्यांच्यासाठीच हा सगळा खटाटोप. दिवसाला दोन ग्रॅमच्या वर जाऊ नये ही सर्वमान्य मर्यादा, आणि पोट बिघडतं ते बहुधा त्या सुमारास. जादा 'सी'पैकी काहीचं शरीरात मूतखडे बनवणारं ऑक्झलेट होतं. 'सी'च्या गोळ्या घेणाऱ्या स्वीडनमधल्या पुरुषांत मूतखड्याचा धोका सुमारे दुप्पट आढळला, तेव्हा एकदा खडा होऊन गेलेल्यांनी ही गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये. थॅलेसेमियात किंवा शरीरात लोह साठण्याच्या इतर विकारांत तीच लोहाची मदत उलटते. मोठ्या डोसमुळे काही ग्लुकोमीटर साखर आहे त्याहून जास्त दाखवतात, आणि शौचातलं लपलेलं रक्त शोधायची एक जुनी तपासणी रक्त असूनही नाही म्हणू शकते. डॉक्टरांना चालू औषधांची यादी देताना आपण बीपी आणि साखरेच्या गोळ्या आठवून सांगतो, ही केशरी गोळी त्यात येत नाही, कारण ती आपण औषध म्हणून धरतच नाही. तपासणीला जाण्याआधी तिचं नाव आणि डोस त्या यादीत लिहावा.