किरणोपचार रोज थोडा थोडा का?

किरणोपचार विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांचा एक प्रश्न माझ्या टेबलापर्यंत हमखास येतो. "साहेब, पाच-सहा आठवडे रोज यायचे, धर्मशाळेत राहायचे, मजुरी बुडवायची. हा सगळा शेक दोन दिवसांत का उरकत नाही?" प्रश्न खर्चाचा, म्हणून तो डॉक्टरांऐवजी माझ्याकडे येतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. हप्त्यांचा हिशेब मला कळतो, पेशींचा नव्हे. तेव्हा विभागातील डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते येथे मांडीत आहे.

किरणांनी त्वचा भाजते, हे फार लवकर ध्यानात आले होते. १९०१ साली हेन्री बेक्वेरेल यांनी खिशात बाळगलेल्या रेडियमच्या नळीने त्यांच्या त्वचेवर व्रण उठला. पिएर क्यूरी यांनी तर मुद्दाम स्वतःच्या दंडावर रेडियम ठेवून परिणाम पाहिला. त्वचेच्या बाह्य थराच्या तळाशी असलेल्या पेशी सतत विभागून वरच्या थराची झीज भरून काढतात. किरणांमुळे ही भरपाई थांबते. प्रथम लाली येते, मग कोरडे पापुद्रे सुटतात आणि मात्रा अधिक झाल्यास ओलसर जखम होते.

मग कर्करोग मारावा आणि कातडी राखावी कशी? याचे उत्तर पॅरिसमध्ये, एडक्यांवरील प्रयोगांतून मिळाले. १९२० च्या दशकात क्लोद रेगो यांना असे आढळले की, एडक्याचे वृषण एकाच मोठ्या मात्रेने निर्बीज करू गेल्यास वरची त्वचा गंभीर भाजते. तीच किरणे विभागून अनेक दिवस दिल्यास निर्बीजीकरण साधते आणि त्वचा बव्हंशी वाचते. वृषणातील पेशी कर्कपेशींप्रमाणे झपाट्याने विभागतात, म्हणून ही तुलना उपयोगी ठरली. त्यांचे सहकारी आंरी कुतार यांनी हीच पद्धत घशाच्या कर्करोगाच्या रुग्णांना लागू केली.

पुढचा अभ्यास उंदरांवर व डुकरांवर झाला. उंदराचे कातडे सैल. जखम आकसून लवकर मिटते, त्यामुळे माणसाविषयी निष्कर्ष काढताना फसगत होण्याचा संभव असतो. डुकराच्या त्वचेवर केस विरळ, बाह्य थर जाड आणि खालच्या ऊतींना घट्ट चिकटलेला, म्हणजे पुष्कळसा आपल्यासारखाच. जॅक फाउलर व सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये डुकरांच्या त्वचेवर केलेला अभ्यास १९६३ साली प्रसिद्ध झाला. उपचार एकूण किती दिवस चालला यापेक्षा तो किती भागांत विभागला, याला त्यात अधिक महत्त्व असल्याचे दिसले. दोन मात्रांमधील काही तासांत निरोगी पेशी आपली दुरुस्ती करून घेतात, हे त्यामागचे कारण.

आपल्या देणगीदारांत जीवदया मानणारे अनेक आहेत. त्यांची शंका रास्त आहे. आपल्या रुग्णालयात प्राण्यांवर प्रयोग होत नाहीत, देणगीचा एकही रुपया त्याकडे जात नाही. परंतु आपण जो उपचार देतो त्यामागे त्या मुक्या जीवांच्या यातना आहेत, हे लपविणे मला योग्य वाटत नाही. ताळेबंदात हे देणे कोणत्या सदरात दाखवावे, हे मला अजून सुचलेले नाही. प्राणी शक्य तेथे टाळावेत, कमी वापरावेत, वेदना कमी करावी, ही त्रिसूत्री रसेल व बर्च यांनी १९५९ साली मांडली. आपल्या देशात १९६० च्या कायद्याखालील समिती अशा प्रयोगांवर देखरेख ठेवते.

आता वेळापत्रक काही रुग्णांसाठी आखूडही होत आहे. स्तनाच्या प्राथमिक अवस्थेतील कर्करोगात एका आठवड्यात पाच मात्रा देणे तीन आठवड्यांतील पंधरा मात्रांइतकेच परिणामकारक असल्याचे ब्रिटनमधील चाचणीतून २०२० साली प्रसिद्ध झाले. मात्र हे प्रत्येक कर्करोगाला लागू नाही, निर्णय डॉक्टरांचाच.

नातेवाइकांना एवढीच विनंती की, प्रवासखर्चासाठी मधले दिवस चुकवू नका. अडचण असेल तर आधी कार्यालयात सांगा. शेकाच्या जागी सैल सुती कपडा वापरा, ऊन टाळा आणि हळद, चुना किंवा कसलाही लेप लावू नका. त्वचेचा त्रास उपचार संपल्यानंतर एक-दोन आठवडे वाढू शकतो. तेव्हा शेवटच्या दिवशी फाइल बंद झाली असे न समजता, पुढच्या तपासणीची तारीख खिडकीवरून लिहून घेऊनच गावी जावे.