बॅन्फचे उष्ण झरे : ते कोणाचे ?

विद्यार्थिमित्रहो, ठाणें जिल्ह्यांतील वज्रेश्वरीचीं किंवा कोंकणांतील उन्हवऱ्याचीं कढत पाण्याचीं कुंडें तुमच्यापैकीं कित्येकांनीं पाहिलीं असतील. अशा कुंडाच्या कांठीं उभें राहिलें असतां दोन प्रश्न मनांत येतात. चुलीवांचून हें पाणी तापलें कसें ? आणि हें पाणी कोणाच्या मालकीचें ? या प्रश्नांच्या विचारासाठीं आम्ही तुम्हांस आज पुष्कळ दूर, कॅनडा देशांतील बॅन्फ या गांवीं नेत आहों.

कॅलगरी शहराच्या पश्चिमेस सुमारें १३० किलोमीटरवर, रॉकी पर्वताच्या कुशींत, बो नदीच्या कांठीं हें गांव वसलें आहे. त्याची उंची जवळजवळ आपल्या महाबळेश्वराइतकीच, म्हणजे सुमारें १,३८० मीटर आहे. परंतु तें फार उत्तरेस असल्यामुळें तेथील हिवाळा बर्फाचा. उन्हाळ्यांत लोक तेथें शिखरें चढतात, सरोवरांत नावा वल्हवितात. हिवाळ्यांत बर्फाच्या उतरणीवरून घसरत जातात. आणि डोक्यावर हिम पडत असतां, सुमारें ४० अंश उष्णतेच्या पाण्यांत गळ्यापर्यंत बसण्याचें सुख घेतात.

आतां पहिला प्रश्न. येथें ज्वालामुखी नाहीं. पावसाचें व वितळलेल्या बर्फाचें पाणी खडकांच्या भेगांतून सुमारें तीन किलोमीटर खोल उतरतें. पृथ्वीच्या पोटांत जों जों खोल जावें तों तों उष्णता वाढते. तेथें हें पाणी तापतें, खडकांतील क्षार घेतें, आणि एका मोठ्या प्रस्तरभंगाच्या वाटेनें पुन्हा वर येतें. त्याला गंधकाचा वास येतो. म्हणूनच त्या डोंगराचें नांव सल्फर माउंटन, म्हणजे गंधकाचा डोंगर, असें पडलें आहे.

दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे. १८८३ सालीं त्या प्रांतांत कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचें काम चाललें होतें. त्या रेल्वेच्या कामावर आलेले विल्यम व टॉम मॅकार्डेल हे बंधु आणि फ्रँक मॅकेब या तिघांस डोंगराच्या पायथ्याशीं एक विवर आढळलें. झाडाच्या खोडाची शिडी करून ते आंत उतरले, तों खालीं उष्ण पाण्याचा डोह ! त्यांनीं जवळच एक झोंपडी बांधली व झऱ्यांवर आपला हक्क सांगितला. लवकरच इतरही दावेदार उभे राहिले आणि तंटा माजला. तेव्हां २५ नोव्हेंबर १८८५ रोजीं सरकारनें झऱ्यांभोंवतालची सुमारें २६ चौरस किलोमीटर जमीन राखून ठेविली. १८८७ सालीं कायद्यानें तेथें कॅनडाचें पहिलें राष्ट्रीय उद्यान झालें. आज त्याचा विस्तार ६,६४१ चौरस किलोमीटर आहे. बॅन्फ गांव या उद्यानांतच असल्यामुळें तेथील जमीन आजही कोणास विकत मिळत नाहीं, केवळ भाडेपट्ट्यानें मिळते.

हा निर्णय चांगला झाला, असें आम्हांस वाटतें. परंतु तो सर्वस्वीं निःस्वार्थ नव्हता. रेल्वेस प्रवासी हवे होते, आणि १८८८ सालीं तिनें तेथें आपलें भव्य हॉटेल उघडलें. शिवाय, तिघांनीं झरे ‘शोधले’ असें आपण म्हणतों. पण स्टोनी नाकोडा व इतर मूळच्या लोकांस ते पिढ्यानुपिढ्या ठाऊक होते. उद्यान ‘सर्वांचें’ झालें, आणि त्याच उद्यानांत स्टोनी लोकांस शिकारीची बंदी झाली ! ‘सर्वांचें’ हा शब्द उच्चारतांना कोण बाहेर राहिलें, हें मोजण्याची संवय आपण लावून घेतली पाहिजे.

बाहेर राहिलेला आणखी एक रहिवासी होता. मक्याच्या दाण्याहूनही बहुधा लहान अशी एक गोगलगाय या डोंगराच्या उष्ण झऱ्यांवांचून जगांत अन्यत्र कोठेंही आढळत नाहीं. पाण्यांत बुडविलेल्या हातावरील साबण किंवा मलम तिला घातक ठरतें. म्हणून त्या मूळच्या विवरांतील पाण्यास आतां स्पर्श करण्याचीही मनाई आहे. स्नान करावयाचें तर वरच्या बाजूस त्यासाठीं बांधलेल्या कुंडांत.

साहसाचेंही असेंच आहे. १८९६ सालीं जवळच्या लेफ्रॉय शिखरावर फिलिप अ‍ॅबट हा गिर्यारोहक पडून मरण पावला. त्यानंतर लोकांनीं डोंगर चढणें सोडलें नाहीं; तर १८९९ पासून रेल्वेनें स्वित्झर्लंडहून अनुभवी वाटाडे आणिले. दोर, वाटाड्याचें ऐकणें, आणि वेळीं परत फिरण्याचें धैर्य यांवांचून साहस म्हणजे केवळ अविचार होय.

मित्रहो, बॅन्फला जाण्याचा योग तुम्हांपैकीं थोड्यांनाच येईल. पण वज्रेश्वरी व उन्हवरें जवळच आहेत. पुढील सुटींत आईबापांसह तेथें जाल तेव्हां पाण्यांत उतरण्यापूर्वीं क्षणभर थांबा. पाणी कोठून आलें, त्यावर कोण कोण जगतें, आणि आपल्या मागून येणाऱ्यास तें तसेंच निर्मळ मिळेल काय, हें स्वतःस विचारा. हें विचारून जो उतरेल, त्याच्या स्नानाचा आनंद तिळमात्र कमी होणार नाहीं.