लागू दे हाताची सवय

पोरी, सासू धुळ्याला, आई नाशकात. सिल्व्हासाच्या या चाळीत तुझ्यापाशी जुनंजाणतं कुणी नाही, आणि माझी अख्खी नोकरी बाळंतिणींच्या वॉर्डात गेली, म्हणून सांगते.

रडलं की उचल. ‘हाताची सवय लागेल’ म्हणणाऱ्या शेजारणींना म्हणू दे. एवढ्याशा जिवाला लबाडी कुठली? भूक, ओला लंगोट, नाहीतर नुसती तुझी ऊब. हाकेला कुणीतरी येतं हे पटलं की तेच पोर पुढे कमी किरकिरतं. बाल्टिमोरमध्ये मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थबाईंनी घरोघरी जाऊन हेच पाहिलं, १९७२ साली छापलंही. आमच्या सुइणींना कुणी विचारलं नाही, एवढंच!

पाजताना मोबाइल लांब ठेव. नव्या बाळाला वीत-दीड वीत अंतरावरचंच जरा नीट दिसतं. छातीपासून तुझ्या तोंडापर्यंत तेवढंच भरतं. ते ‘अं’ करेल. तू ‘अं’ कर आणि थांब. घाई करू नकोस, त्याला उत्तर जुळवायला वेळ लागतो. एकदा त्याचं, एकदा तुझं. मान फिरवली, जांभई दिली, की त्याला पुरे झालं. गुदगुल्या करून हसवत बसायचं नाही.

नवरा नाइट करून आला की आधी झोपू दे. उठल्यावर मात्र बाळ त्याच्या उघड्या छातीवर दे, वरून चादर. कमी वजनाच्या बाळांसाठी ही रीत १९७०च्या दशकाअखेरीस बोगोटात सुरू झाली, इन्क्युबेटर पुरेनात म्हणून. बाप आधी लाजतात, मग द्यायला तयार नसतात. तो पेंगायला लागला तर मात्र बाळ काढून घे.

आठव्या महिन्याच्या आसपास तू नजरेआड झालीस की आकांत मांडेल. बिघडलं नाही ते, माणसं ओळखायला लागलं. कामावर जाताना चोरून सटकू नकोस. सांग, हात हलव, मग नीघ.

आणि माया लगेच दाटून आली नाही तरी घाबरू नकोस, ती रोजच्या उठबशीतून येते. पहिले काही दिवस रडू फुटतंच. पण दोन आठवडे उलटूनही बाळाकडे बघवेना, ते झोपलं तरी तुला झोप येईना, तर आशाताईला सांग. घरचे मीठ-मिरच्या ओवाळतील. ओवाळू देत, पण सरकारी रुग्णालयात केसपेपर काढायचाच. मी येईन बरोबर. रांगेत तू बस, बाळ मी धरते.