मातींतील लहान गुरुजन

आपण ज्या भूमीवर घरें बांधतों, विहिरी खणतों आणि खेळाचीं मैदानें आंखतों, ती भूमि बहुतेकांस मुकी, निर्जीव व सदैव स्थिर अशी वाटते. "पायांखालची जमीन सरकली" असें आपण बोलण्याच्या भरांत म्हणतों. परंतु तें वाक्य केवळ अलंकार नव्हे, याचा अनुभव स्थापत्यशास्त्र जाणणाऱ्यांस वारंवार आला आहे. अशी सरकणारी भूमि दृढ कशी करावी, हा प्रश्न मोठा आहे. आणि त्याचें उत्तर शोधण्याकरितां आजचे विद्वान जंतु, मुंगी, गांडूळ व शिंपला यांच्यापाशीं धडे घेत आहेत, ही गोष्ट तितकीच नवलाची आहे. तिचा थोडक्यांत परिचय आम्ही या लेखांत आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींस करून देत आहों.

प्रथम संकट कोणतें तें पाहूं. १६ जून १९६४ रोजीं जपानांतील निइगाता शहरास भूकंपाचा मोठा धक्का बसला. त्या शहराचा पुष्कळसा भाग शिनानो नदीकांठच्या वाळूवर वसलेला होता. कावागिशी-चो या वस्तींतील चारमजली इमारती धक्क्यानें मोडल्या नाहींत. त्या सबंधच्या सबंध कलंडल्या, आणि एक तर जवळजवळ आडवी झाली. भिंती बव्हंशीं शाबूत राहिल्या. दगा दिला तो खालच्या वाळूनें. आपल्या देशांतही २६ जानेवारी २००१ रोजीं कच्छांत झालेल्या भूकंपाच्या वेळीं रणांत जागोजाग जमिनींतून पाणी व वाळू उसळून वर आलीं, आणि चांग धरणासारखे मातीचे बांध खालची भूमि ढिली झाल्यामुळें खचले.

असें कां होतें? वाळूचा थर म्हणजे सुटे कण. एक कण दुसऱ्यावर टेकतो, दुसरा तिसऱ्यावर. आणि इमारतीचा भार या टेकण्याच्या बिंदूंतून खालीं उतरत जातो. कणांचें परस्परांशीं जें घर्षण होतें, तेंच वाळूचें बळ. कणांमधील पोकळींत पाणी भरलेलें असलें, तरी जोंवर कण एकमेकांस घट्ट टेकून आहेत तोंवर भय नाहीं. परंतु भूकंपानें वाळू हादरूं लागली म्हणजे कण अधिक जवळ येऊन दाटूं पाहतात. त्यांना जागा देण्यास पाण्यानें बाहेर पडावयास हवें. पण कांहीं सेकंदांच्या अवधींत त्यास वाट मिळत नाहीं. मग कणांवरचा भार पाण्यावर पडतो, पाण्याचा दाब वाढतो, कणांचें टेकणें सुटतें, आणि जी वाळू क्षणापूर्वीं आधार देत होती ती पातळ पिठल्यासारखी वाहूं लागते. यास द्रवीभवन म्हणतात. मातीचें बळ कणांच्या परस्परांवरील दाबांत आहे, हें तत्त्व कार्ल टर्झागी या शास्त्रज्ञानें स्पष्ट केलें. त्याचा १९२५ सालचा ग्रंथ या शास्त्राचा पाया समजला जातो.

यावर जुने उपाय ठाऊक आहेत. जमीन धुमसून दाबावी, खोलवर खांब ठोकावे, किंवा सिमेंटचा रस आंत घालावा. परंतु उभ्या इमारतीच्या खालीं धुमसणें शक्य नसतें. आणि सिमेंट तयार करतांना जगांतील माणसांच्या उद्योगांतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइड वायूपैकीं सुमारें ७ ते ८ टक्के वायु बाहेर पडतो. एक संकट टाळण्याकरितां दुसरें वाढवावें, हें शहाणपणाचें नव्हे. म्हणून कांहीं विद्वानांनीं असा विचार केला कीं, मातींत राहणारे जीव कोट्यवधि वर्षें मातीशींच झगडत आले आहेत. ते ती बांधतात, पोखरतात, तींत रुततात व तींतून वाट काढतात. त्यांनाच कां विचारूं नये?

हा विचार अगदींच नवा नाहीं. मार्क ब्रुनेल या अभियंत्यानें जहाजाचें लाकूड पोखरणारा एक समुद्रांतील जीव पाहिला. तो जीव डोक्यावरील कठीण कवचानें लाकूड कुरतडीत पुढें सरकतो आणि मागें राहिलेल्या भोंकास चुन्यासारख्या द्रव्याचें अस्तर लावीत जातो. त्यावरून ब्रुनेलनें १८१८ सालीं बोगदा खणण्याच्या लोखंडी ढालीचें पेटंट घेतलें. ढालीच्या ३६ खणांत उभे राहून मजूर समोरची माती काढीत, ढाल पुढें सरके, आणि मागें गवंडी विटांचें अस्तर बांधीत. या रीतीनें लंडन येथें थेम्स नदीखालील बोगदा १८२५ सालीं सुरू होऊन १८४३ सालीं खुला झाला. काम चालू असतां नदीचें पाणी आंत घुसून माणसेंही दगावलीं. परंतु रीत खरी ठरली, आणि त्या बोगद्यांतून आजही आगगाड्या धांवतात.

ब्रुनेलनें जें एका जीवापासून घेतलें, तें अनेक जीवांपासून पद्धतशीरपणें शिकावें, या हेतूनें अमेरिकेंत २०१५ सालीं राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या साह्यानें एक संशोधनकेंद्र स्थापन झालें. जीवांच्या साह्यानें व जीवांच्या अनुकरणानें भूस्थापत्याचीं कामें साधणें, हा त्याचा उद्देश. त्याचें मुख्य ठाणें ॲरिझोना राज्य विद्यापीठांत असून कॅलिफोर्निया विद्यापीठाची डेव्हिस शाखा, जॉर्जिया टेक व न्यू मेक्सिको राज्य विद्यापीठ हीं त्याचीं सहकारी होतीं. उद्देशाच्या नांवांतच कामाचे दोन भाग दिसतात. एकांत जीवाकडूनच काम करून घ्यावयाचें. दुसऱ्यांत जीवाची युक्ति पाहून आपलें यंत्र बनवावयाचें.

पहिल्या भागांतील मुख्य कारागीर म्हणजे मातींतील एक जंतु, स्पोरोसार्सिना पाश्चुरी. याच्या शरीरांत युरिएज नांवाचें एन्झाइम असतें. जंतूंस युरिया व कॅल्शियमयुक्त पाणी पुरविलें म्हणजे तें एन्झाइम युरियाचें विघटन करतें. त्यांतून कार्बोनेट निर्माण होतें, त्याचा कॅल्शियमशीं संयोग होतो, आणि जो पदार्थ चुनखडींत, संगमरवरांत व शिंपल्यांत आहे तोच वाळूच्या कणांवर जमूं लागतो. दोन कण जेथें टेकतात तेथें तो बसला म्हणजे कणांस जणूं टांका पडतो, आणि सुटी वाळू वालुकाश्माचें रूप घेऊं लागते. निसर्गास ज्या कामास फार मोठा काळ लागतो, तें येथें थोड्या दिवसांत होतें. हॉलंडमधील डेल्फ्ट येथें १०० घनमीटर वाळूवर हा प्रयोग करण्यांत आला व त्याचा वृत्तांत २०१० सालीं प्रसिद्ध झाला.

परंतु जंतु कितीही लहान असला, तरी अति बारीक मातीच्या छिद्रांत त्याचा शिरकाव होत नाहीं. तेथें जंतूस वगळून केवळ त्याचें एन्झाइम वापरतात. तें जॅक बीन नांवाच्या शेंगेच्या दाण्यांतून मिळतें. ही शेंग आपल्याकडील अबईच्या शेंगेची जवळची नातलग आहे. या दाण्यामागें एक स्मरणीय चरित्र आहे. जेम्स समनर हा अमेरिकन मुलगा सतरा वर्षांचा असतां शिकारींत सोबत्याच्या बंदुकीची गोळी लागून त्याचा डावा हात गेला. आणि तो तर डावखुरा होता. त्यानें उजव्या हातास सर्व कामें नव्यानें शिकविलीं व रसायनशास्त्र पत्करलें. १९१७ पासून नऊ वर्षें खटपट करून १९२६ सालीं त्यानें या दाण्यांतून युरिएजचे शुद्ध स्फटिक काढले. कोणत्याही एन्झाइमचे स्फटिक जगांत तेच पहिले. मोठमोठ्या रसायनज्ञांनीं पुष्कळ वर्षें त्यावर विश्वास ठेविला नाहीं; अखेर १९४६ सालीं त्यास नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. भूमि बांधण्याच्या कामीं आपलें संशोधन उपयोगी पडेल, हें त्या वेळीं त्याच्या स्वप्नींही नसेल. ज्ञानाचें बीज कोठें रुजेल तें पेरणाऱ्यास सांगतां येत नाहीं.

जंतूंची दुसरीही एक युक्ति आहे. कांहीं जंतु नायट्रेट खाऊन नायट्रोजन वायु सोडतात. त्या वायूचे बारीक बुडबुडे ओल्या मातीच्या पोकळींत अडकून राहतात. पाणी दाबलें जात नाहीं, पण बुडबुडा दाबला जातो. म्हणून भूकंपाच्या वेळीं पाण्याचा दाब एकाएकीं चढत नाहीं व द्रवीभवनाचा धोका कमी होतो. अमेरिकेंत ऑरेगॉन प्रांतांतील पोर्टलंड शहरीं या रीतीची चाचणी प्रत्यक्ष जमिनीवर घेण्यांत आली आहे.

आतां दुसरा भाग, अनुकरणाचा. वारूळ खणणारी मुंगी एकेक कण उचलून बाहेर टाकते, तरी तिचें बीळ ढासळत नाहीं. कॅलिफोर्नियांतील शास्त्रज्ञांनीं क्ष-किरणांच्या साह्यानें मुंग्यांचें खणणें पाहिलें व त्याचा वृत्तांत २०२१ सालीं प्रसिद्ध केला. कण निघत जातात तसतसा मातीचा भार बिळाभोंवतीं कमानीसारखा वळतो व बिळाच्या तोंडाशीं असलेल्या कणांवरील दाब हलका होतो, असें त्यांस आढळलें. गांडूळ आपलें अंग आळीपाळीनें फुगवितें व लांबवितें. फुगलें म्हणजे भोंवतालच्या मातींत त्याची पकड बसते आणि तोंडापुढची माती सैल होते. एखाद्या जागीं बांधकाम करण्यापूर्वीं मातीची परीक्षा घेण्यास जमिनींत शलाका खुपसावी लागते, व त्यासाठीं सुमारें २० टन वजनाची गाडी आणतात. गांडुळासारखी स्वतः रुतत जाणारी शलाका साधली, तर जेथें अशी गाडी जाऊं शकत नाहीं तेथेंही मातीची परीक्षा होईल. अटलांटिक किनाऱ्यावरील एक लांबट शिंपला तर याहून चतुर आहे. तो आपलीं शिंपलीं झटकन् मिटून भोंवतालची ओली वाळू क्षणभर पातळ करतो, व त्या पातळ वाळूंतून सुमारें ७० सेंटीमीटर खोलवर जातो. ज्या द्रवीभवनानें निइगाताच्या इमारती कलंडल्या, त्याच द्रवीभवनास या शिंपल्यानें आपलें वाहन केलें आहे! सापाच्या पोटावरील खवले त्यास पुढें सरकूं देतात, पण मागें घसरूं देत नाहींत. त्यावरून एका दिशेस कमी व दुसऱ्या दिशेस अधिक घर्षण होईल असे खांब बनविण्याचे प्रयोग डेव्हिस येथें झाले आहेत.

हें सर्व वाचून कोणी असें समजूं नये कीं, संकट टळलें व काम संपलें. जंतूंच्या रीतींत अमोनियम हा क्षार मागें राहतो. तो पाण्यानें धुऊन काढावा लागतो, नाहीं तर विहिरींचें व झऱ्यांचें पाणी दूषित होण्याचें भय असतें. खर्चाचाही प्रश्न आहे. प्रयोगशाळेंतील घडवंचीवर जें साधतें, तें बिघाभर जमिनींत एकसारखें साधेलच असें नाहीं. खरें शास्त्र आपल्या उणिवा झांकीत नाहीं. तीं उघडीं ठेवूनच तें पुढें जातें.

म्हणूनच अशा केंद्रास केवळ विद्वानांवर विसंबून चालत नाहीं. शाळांतील शिक्षकांस सुटीच्या दिवसांत संशोधनांत सामील करून घ्यावें, त्यांनीं तेथें शिकलेलें आपल्या वर्गांत न्यावें, आणि मुलांस व नागरिकांस प्रयोग पाहण्यास बोलवावें, हा त्याच्या कार्याचा एक आवश्यक भाग मानला जातो. आमच्या मतें ही सर्वांत अनुकरणीय गोष्ट होय. कारण तिला मोठें द्रव्य लागत नाहीं. पुढील प्रयोग आपल्या शाळेंतही करतां येईल. एका पसरट भांड्यांत वाळू घालून ती भिजेल, पण वर पाणी तरंगणार नाहीं, इतकें पाणी ओतावें. वाळूवर विटेचा एक तुकडा उभा ठेवावा व भांड्याच्या कडेस हळूहळू ठोके द्यावे. थोड्याच वेळांत वाळूच्या पृष्ठावर पाणी चमकूं लागेल आणि वीट कलंडूं लागेल. निइगाता येथें काय झालें, तें मग कोणास समजावून सांगावें लागणार नाहीं.

दुसरें साधन म्हणजे डोळे. चार्लस डार्विन यानें १८४२ सालीं आपल्या घराजवळच्या शेतांत खडूचे तुकडे पसरविले, आणि २९ वर्षें थांबून १८७१ सालीं तेथें चर खणला. ते तुकडे सात इंच खालीं एका रांगेंत सांपडले. गांडुळांनीं वर आणलेल्या मातीखालीं ते गाडले गेले होते. त्याचा गांडुळांवरील ग्रंथ १८८१ सालीं निघाला. येत्या पावसाळ्यांत आमच्या विद्यार्थ्यांनीं शाळेच्या आवारांत गांडुळांनीं वर टाकलेली माती मोजावी. मुंग्यांच्या भोंकाशेजारीं कणांचा ढीग किती उतार धरतो तें पाहावें. ओढ्याची कोणती दरड कोसळली व कोणती मुळांनीं धरून ठेविली, याची वहींत तारखेनिशीं नोंद करावी. त्यांतील एखादी नोंद पुढें कोणाच्या कामास येईल, हें आज कोण सांगेल?

आज वर्गांत बसणारीं मुलें उद्यां घरें, पूल व धरणें बांधणार आहेत. त्यांतील कांहीं नदीच्या वाळूवर, तर कांहीं मुंबईसारखीं समुद्र हटवून मिळविलेल्या जमिनीवर उभीं राहतील, आणि त्यांत माणसें निर्धास्तपणें झोंपतील. त्या माणसांची झोंप ज्या मातीवर अवलंबून आहे, ती माती आधीं ओळखली पाहिजे. तिची ओळख करून देणारे गुरु आपल्या पायांखालींच आहेत. त्यांच्यापाशीं शिकण्यास थोडें खालीं वांकावें लागतें, इतकेंच.